पूर्वेकडील युद्धाची रिळे

मार्च 1939 मध्ये जबलपूरजवळ, नर्मदेच्या काठी, त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ते बावन्नावे अधिवेशन, म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. ज्यांच्या सन्मानार्थ हा थाट मांडला होता ते अध्यक्ष सुभाषचंद्र बोस मात्र तापाने फणफणले होते. मंडपात त्यांना निजवूनच आणावे लागले आणि त्यांचे भाषण त्यांचे वडील बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखविले. ब्रिटिश सरकारला सहा महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी, असे त्या भाषणात सुचविले होते. सूचना मान्य झाली नाही. पुढे महिना-दीड महिन्यात सुभाषबाबूंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आणि ज्या सहा महिन्यांची मुदत त्यांनी मागितली होती त्या सहा महिन्यांच्या आतच युरोपात महायुद्ध पेटले. शहरातील कमानिया दरवाजा त्या अधिवेशनाची आठवण म्हणून आजही उभा आहे. जबलपूरला सुभाषबाबूंची ओळख त्याआधीही होती. 1932 साली कल्याण स्थानकावर त्यांना अटक झाली, तेव्हा प्रथम सिवनी येथे आणि नंतर जबलपूरच्या कारागृहात त्यांना ठेवले होते. त्या कारागृहाला आता त्यांचेच नाव आहे.

त्रिपुरीत आजारी पडलेला हा पुरुष साडेचार वर्षांनी एका निराळ्याच पडद्यावर दिसतो. नोव्हेंबर 1943 मधील टोकियोच्या परिषदेचे जपानी वार्तापट आता पाहावयास मिळतात. पंतप्रधान तोजो आहेत, ब्रह्मदेशाचे बा मॉ आहेत, फिलिपिन्सचे लॉरेल आहेत, आणि निरीक्षक म्हणून आलेले सुभाषबाबू लष्करी पोशाखात ताठ उभे आहेत. चेहऱ्यावर आजाराची छाया नाही. जर्मनीतून पाणबुडीने निघून, हिंदी महासागरात दुसऱ्या पाणबुडीत बदली होऊन ते मे 1943 मध्ये पूर्वेकडे पोचले होते. जुलैत त्यांनी सिंगापूर येथे आझाद हिंद फौजेची सलामी घेतली, ऑक्टोबरच्या 21 तारखेला हंगामी सरकारची घोषणा केली. घोषणा झाली ती जागा म्हणजे कॅथे नावाचे चित्रपटगृह! इतिहासालाही कधी कधी विनोद सुचतो.

हे वार्तापट पाहताना भारतीय माणसाचे भान हरपते, आणि ते स्वाभाविक आहे. ज्या पुरुषाविषयी एका पिढीने केवळ नभोवाणीच्या खरखरीतून ऐकले, तो येथे चालतो, बोलतो, हात उंचावतो. पण नमस्कार करून झाल्यावर थोडे मागे सरून एक साधा प्रश्न विचारावा लागतो : हा कॅमेरा कोणाचा?

जपानमधील निरनिराळ्या वृत्तपत्रांच्या वार्तापट-शाखा 1940 साली सरकारी धोरणाने एकत्र करण्यात आल्या आणि सबंध देशासाठी एकच वार्तापट निघू लागला. जे त्या एका खिडकीतून दिसे तेवढेच जपानी प्रजेला दिसे. आशियातील परतंत्र राष्ट्रांचा मुक्तिदाता जपान, हे त्या पटांचे सूत्र होते, आणि टोकियोच्या सभागृहातील सुभाषबाबू हे त्या सूत्राचे सर्वांत प्रभावी चित्र होते. परिषदेतच तोजोंनी अंदमान-निकोबार बेटे हंगामी सरकारच्या हवाली करण्याची घोषणा केली. डिसेंबर 1943 च्या अखेरीस सुभाषबाबू पोर्ट ब्लेअर येथे गेले आणि त्यांनी तेथे तिरंगा फडकविला. या प्रसंगाचे तेज कोणीही नाकारणार नाही. पण त्याच बेटावर प्रत्यक्ष सत्ता जपानी आरमाराच्या हाती होती. डॉ. दिवाणसिंग यांच्यासारख्या देशभक्ताचा जपान्यांनी केलेल्या छळामुळे जानेवारी 1944 मध्ये सेल्युलर कारागृहातच अंत झाला, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून 44 भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. ध्वजारोहण आणि हत्याकांड यांत एक महिन्याचे अंतर आहे. मुक्तिदात्याच्या वार्तापटात दुसऱ्या प्रसंगाला जागा असणे शक्यच नव्हते. सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गावर राबून मेलेल्या मलायातील तामिळ मजुरांनाही नव्हती.

म्हणून ती चित्रे खोटी ठरतात काय? मुळीच नाही. सुभाषबाबू तेथे होते, फौज उभी होती, सलामी झाली. हे सारे खरे आहे. खोटे असते ते, चौकटीबाहेर काही नव्हते असे आपण समजतो तेव्हा. कॅमेऱ्याची चौकट ही खिडकीसारखी असते. खिडकीने दाखविलेले झाड खरे, पण म्हणून घराला दुसरी बाजूच नाही असे कोणी म्हणत नाही.

आता पलीकडची खिडकी पाहू. ब्रिटिश सैन्याबरोबर छायाचित्रण-तुकड्या असत आणि त्यांतील कॅमेरावाले बहुधा सार्जंटच्या हुद्द्याचे असत. त्यांच्या हातात 35 मिलिमीटर फिल्मचा, चावीवर चालणारा लहान कॅमेरा असे. त्यात 100 फूट फिल्म मावे. पडद्यावर ती एक मिनिट आणि काही सेकंद चालते. तेवढेही सलग नाही, कारण एकदा दिलेली चावी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. लढाई चालू असता वाकून, आडोशाला बसून, काळ्या पिशवीत हात घालून नवी फिल्म भरायची आणि पुन्हा डोके वर काढायचे. युद्धाच्या चित्रांत सारखे तुकडे का दिसतात याचे हे सरळ उत्तर आहे. आणखी एक गोष्ट सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. हे कॅमेरे मुके होते. तोफेचा गडगडाट, विमानाची घरघर, सैनिकाची आरोळी, हे सारे ध्वनी मागाहून चित्रशाळेत बसून जोडलेले आहेत. चित्र इरावतीच्या काठचे आणि आवाज लंडनचा, असा हा संसार आहे. त्यावर निवेदकाचा स्वर चढला की चित्राला अर्थ मिळतो. आणि निवेदक बदलला की तोच सैनिक, तीच नदी, तोच धूर दुसराच अर्थ सांगू लागतात.

याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर इंग्रज आणि अमेरिकन यांनी मिळून एक अनुबोधपट करावा असे ठरले होते. पण चीनकडे जाणारा लेडो रस्ता आणि जनरल स्टिलवेल यांना अमेरिकनांच्या मते प्राधान्य हवे होते, तर ब्रह्मदेश पुन्हा जिंकणे हीच इंग्रजांच्या दृष्टीने मुख्य कथा होती. एकमत होईना, शेवटी 1945 साली दोन पट निघाले. इंग्रजांचा ‘बर्मा व्हिक्टरी’, रॉय बोल्टिंग यांनी दिग्दर्शित केलेला. आणि अमेरिकनांचा ‘द स्टिलवेल रोड’, ज्याचे निवेदन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले नट रोनाल्ड रेगन यांनी केले. याच वर्षी हॉलिवुडने एरॉल फ्लिन याला घेऊन ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ हा कथापट काढला. त्यात खऱ्या युद्धचित्रणाचे तुकडे मिसळले होते, पण ब्रह्मदेश जणू अमेरिकन छत्रीधाऱ्यांनीच जिंकला असा भास होई. लंडनमध्ये इतका गदारोळ झाला की तो थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. इंग्रजांचा राग न्याय्य होता. मात्र ज्या चौदाव्या सेनेच्या वतीने हा राग व्यक्त झाला तिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते, याची आठवण त्या गदारोळात कितीजणांना झाली असेल?

कॅमेरा सर्वत्र पोचत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो बहुधा रस्त्याने येतो. म्हणजे रस्ता मोकळा झाल्यावर येतो. मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाचे नागांचे खेडे आहे. मार्च 1944 मध्ये, 22 पासून 26 तारखेपर्यंत, पन्नासाव्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडने तेथे जपानी रेजिमेंटला रोखून धरले. तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. पाणी नव्हते, तारेचे कुंपण नव्हते, विमानांनी टाकलेले सामान पुष्कळदा शत्रूच्या हाती पडत होते. त्या चार-पाच दिवसांमुळे कोहिमाकडे जाणाऱ्या जपानी सैन्याला विलंब झाला, आणि तो विलंब पुढे मोलाचा ठरला. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत या लढाईच्या खुणा फार तर एखाद्या पदकाच्या वा निवृत्तिवेतनाच्या कागदाच्या रूपाने उरल्या. उलट कोहिमा आणि इंफाळ यांच्यामधला रस्ता 22 जून 1944 रोजी मोकळा झाल्यानंतरचे युद्ध, म्हणजे इरावतीचे उल्लंघन, मंडालेचा किल्ला, रंगूनची वाट, हे पडद्यावर पुष्कळ आहे. विजय कॅमेऱ्याला सोयीचा असतो.

अशा पटांचा प्रेक्षक कोण होता, हे पाहण्यासाठी पुन्हा जबलपूरकडे वळले पाहिजे. मध्यप्रांत व वऱ्हाड या मराठी-हिंदी जोडप्रांतातील हे शहर युद्धकाळात छावणी, कारखाना आणि शाळा असे तिन्ही झाले होते. तोफगाडे करणारा कारखाना येथे 1904 पासून होता; खमरिया येथे दारूगोळा भरण्याचा मोठा कारखाना 1942 साली उभा राहिला. संदेशवहन दलाचे शिक्षणकेंद्र येथेच होते. उत्तरेस सागर जिल्ह्याच्या रानात विंगेटच्या तुकड्यांनी सराव केला, तर दक्षिणेस छिंदवाड्याला चौदावी भारतीय डिव्हिजन नव्या शिपायांना जंगलयुद्धाचे शिक्षण देत होती. सातपुड्याचे साग आणि बांबू यांतून चालावयास शिकून माणसे आराकानच्या रानात जात.

आणि संध्याकाळी ही माणसे सिनेमाला जात. 1943 साली भारत संरक्षण नियमांखाली असा हुकूम निघाला, की प्रत्येक चित्रपटगृहाने प्रत्येक खेळात सरकारमान्य पट, सुमारे 2000 फुटांपर्यंत, दाखविलेच पाहिजेत. आणि त्यांचे भाडेही चित्रपटगृहानेच द्यावयाचे. ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही त्या पटांची नावे त्या काळच्या प्रेक्षकांना पाठ झाली. आधीच्या फिल्म सल्लागार मंडळाच्या चित्रनिर्मितीची धुरा काही काळ व्ही. शांतारामांकडे होती, पुढे ते त्यातून बाहेर पडले. 1946 साली त्यांनी जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये सेवा करता करता 1942 साली मरण पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर चित्रपट काढला. जपानविरोधी युद्धाची मराठी माणसाला जवळची वाटलेली प्रतिमा जर कोणती असेल, तर ती सरकारी वार्तापटातली नाही. ती या डॉक्टरांची आहे.

सक्तीने दाखविलेल्या पटाचे सामर्थ्य किती असते, हा शासकीय कामाशी परिचय असलेल्या कोणालाही विचारावासा वाटेल असा प्रश्न आहे. हुकूम निघाला त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. देशाला त्याची जी भयंकर ओळख पटली ती ऑगस्ट 1943 मध्ये ‘स्टेट्समन’ने छापलेल्या स्थिर छायाचित्रांनी पटली; भाडे वसूल करून दाखविलेल्या पटांनी नव्हे. प्रेक्षक मुकाट्याने पाहतो म्हणजे मान्य करतो, असे समजणे ही सत्तेची जुनी खोड आहे. 27 फेब्रुवारी 1946 रोजी जबलपूरच्या संदेशवहन शिक्षणकेंद्रातील सुमारे 1700 जवान शिस्त मोडून बाहेर पडले. वेतन, अन्न, गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना मिळणारी भिन्न वागणूक, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. आणि लाल किल्ल्यात ज्यांच्यावर खटले भरले गेले त्या आझाद हिंद सैनिकांविषयीची कळकळ तिच्यात मिसळली होती. मुंबईच्या नाविकांचे बंड नुकतेच शमले होते. तीन वर्षे ज्यांना एकाच बाजूची चित्रे दाखविली त्यांनी दुसऱ्या बाजूची कथा चित्रांवाचूनच ऐकली होती. हे उठाव शमले, अनेकांना कारावास वा बडतर्फी सोसावी लागली. त्याच वर्षी ते सरकारी चित्रखातेही गुंडाळण्यात आले.

सुभाषबाबूंवरचा एक पट कधी पूर्णच झाला नाही, त्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. जपानचे थोर दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांना 1943 साली सैन्याने सिंगापूरला धाडले. आझाद हिंद फौजेवर पट काढावा, असा हुकूम होता आणि त्याला ‘दिल्लीकडे, दिल्लीकडे’ अशा अर्थाचे नाव योजले होते. ओझू यांचा जीव घरगुती जीवनाच्या हळुवार कथांत रमणारा. लष्करी प्रचाराला त्यांचा हात वळेना. ते वाचीत, टेनिस खेळत आणि शत्रूकडून हस्तगत झालेले अमेरिकन चित्रपट पाहत. ‘सिटिझन केन’ हा चित्रपट त्यांनी तेथे पाहिला आणि ते चकित झाले. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आला तेव्हा त्यांनी पटकथा आणि जे काही चित्रण झाले होते ते जाळून टाकण्यास सांगितले. ओझूंच्या डोळ्यांना आझाद हिंदचा शिपाई कसा दिसला असता, हे आता कोणालाही कळणार नाही. प्रचारपटांच्या ढिगातील शंभर रिळांहून ही एक राख अधिक चटका लावते.

जाळणे हा एक मार्ग. कुलुपात ठेवणे हा दुसरा. हिरोशिमा आणि नागासाकी येथील संहाराचे चित्रण जपानी चित्रपटकर्मींनी 1945 च्या शरद ऋतूत केले. विजेत्या अमेरिकनांनी ते ताब्यात घेतले आणि जपानला ते परत मिळाले 1967 साली. काही चित्रपटकर्मींनी धोका पत्करून एक प्रत लपवून ठेवली होती. अमेरिकेच्या सैनिकी छायालेखकांनी रंगीत फिल्मवर घेतलेली दृश्येही दीर्घकाळ गुप्त राहिली. आणि हे तेच राष्ट्र, ज्याने नोव्हेंबर 1943 मधील तारावा बेटाच्या लढाईत समुद्रकाठी तरंगणारी स्वतःच्या मृत सैनिकांची शरीरे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीने लोकांना दाखविली होती! स्वतःचे मृत दाखविण्याचे धैर्य झाले. आपल्या हातून मेलेल्यांचे झाले नाही. पहिल्या धैर्याला कमी लेखू नये. तेही फार थोड्या सरकारांनी दाखविले आहे.

फिल्मला आग लागण्यासाठी मात्र माणसाच्या हुकुमाची गरज असतेच असे नाही. त्या काळची 35 मिलिमीटर फिल्म कापूस आणि नत्राम्ल यांच्या संयोगाने बनविलेल्या नायट्रेटच्या पट्टीवर असे. तोफेचा गोळा पुढे ढकलणारी धूररहित दारूही त्याच कुळातली. खमरियात ज्या जातीचे द्रव्य सांभाळण्यासाठी अग्निबंबांचा पहारा असे, त्याचीच सौम्य भावंडे चित्रपटगृहाच्या यंत्रघरात गुंडाळून ठेवलेली असत. जुने झाले की नायट्रेट घाम फुटल्यासारखे चिकट होते, त्याची पूड होते, आणि पेटले तर पाण्यानेही विझत नाही. पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारात जानेवारी 2003 मध्ये लागलेल्या आगीत शेकडो चित्रपटांच्या नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते असल्या नाशापासून वाचविण्यासाठीच. पण त्याआधीच्या अर्धशतकात जे गेले ते गेले.

जे उरले आहे ते आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि जपानच्या नभोवाणी संस्थेत आहे, आणि त्यातील पुष्कळसे आता घरबसल्या पाहता येते. अलीकडे त्याला कृत्रिम रंग भरण्याची आणि नवे आवाज जोडण्याची टूम निघाली आहे. तरुणांना त्यामुळे ते जवळचे वाटते, हे खरे. पण ज्या सैनिकाच्या गणवेशाचा रंग यंत्राने अंदाजाने भरला आहे, त्याचे गाव यंत्राला कसे कळणार?

गाव कळण्याचा मार्ग निराळा आहे. फेब्रुवारी-मार्च 1945 मध्ये मेक्तिलाच्या लढाईत रणगाड्यांबरोबर मुंबई ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीचे शिपाई होते. जपानी सैनिक खड्ड्यात मांडीवर विमानातला बॉम्ब घेऊन बसत आणि रणगाडा वर आला की दगडाने त्याचा स्फोट करण्याच्या तयारीत असत. रणगाड्यापुढे पायी चालून ते खड्डे शोधणे हे असल्या संरक्षक शिपायांचे काम होते. असे शिपाई पडद्यावर दिसतात तेव्हा निवेदक ‘भारतीय पायदळ’ एवढेच म्हणतो आणि चित्र पुढे सरकते. त्याच ग्रेनेडियर्सचे रेजिमेंट-केंद्र आज जबलपूरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे. पलटणींच्या नोंदी, रोजनिशा, पदकांच्या याद्या, जखमींची पत्रके, हे सारे कागद युद्धाने मागे ठेवले आहेत. लंडनच्या रिळांना छायालेखकाचा दिनांक आणि ठिकाण जोडलेले असते. दिनांक आणि ठिकाण जुळले, की पलटण सापडते. पलटण सापडली, की कंपनी. आणि कंपनीच्या हजेरीपटावर नावे असतात. त्या शिपायांपैकी जो कोणी आज हयात असेल तो शंभरीच्या घरात असेल, पण त्यांची नातवंडे अजून त्याच गावांत आहेत, आणि आजोबांचे नाक, आजोबांची चाल ओळखणारे एखादे माणूस बहुतेक घरांत असते.